बिबट्याचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी

जुन्नर वनविभागात बिबट्या ओळखणारे एआय कॅमेरे बसवलेत. हालचाल टिपली की सॉफ्टवेअर आकार तपासतं; बिबट्या वाटला, तर सायरन वाजतो. सिस्टीम भारी आहे, पण सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, कॅमेऱ्याला फक्त समोरचंच दिसतं. लोणीत रात्री उसाला पाणी द्यायला गेलेला शेतकरी बहुतेकदा त्या चौकटीबाहेरच असतो. त्याचा सायरन म्हणजे गावचा व्हॉट्सअॅप ग्रुप. २०२५ मध्ये पुण्यात एआयने बनवलेले खोटे बिबटे व्हायरल झाले. तसे ग्रुपवर आले, की खऱ्या मेसेजकडेही लोक दुर्लक्ष करतात. यात माणूसही मरतो आणि चिडलेल्या गर्दीच्या तावडीत बिबट्याही. म्हणून जागा, तारीख, वेळ नसेल तर फॉरवर्ड करू नका. बिबट्या खरंच दिसला, तर आधी वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन लावा.