पौषातला पाहुणा

इंदापूरसारख्या तालुक्याच्या गावीही आता एखाद्या दुकानाच्या गादीवर टेकले, की घरातील कन्या वा चिरंजीव परदेशी शिकत असल्याची वार्ता सहज कानी येते. परंतु त्यांच्या मागोमाग घडणाऱ्या दुसऱ्या प्रवासाविषयी फारसे बोलले जात नाही. काही महिने लोटले, की घरातून कोणाला तरी पाठविले जाते. वडिलांचा पाय दुकानातून निघत नाही, आईला एवढा प्रवास झेपत नाही. मग भाऊ निघतो. 'जरा बघून ये' एवढेच त्याला सांगितलेले असते. त्या 'जरा'मध्ये मुलगी काय खाते, कोठे राहते, कोणात वावरते आणि परत येणार की नाही, एवढे सारे भरलेले असते.

आमच्या परिचयातील एका कापडव्यापारी कुटुंबातील थोरले चिरंजीव असेच इंग्लंडमधील लेस्टर येथे धाकट्या बहिणीकडे जाऊन आले. बारावीनंतर त्यांनी शिक्षण सोडून गज हाती घेतला. बहिणीचे शुल्क बव्हंशी दुकानाच्या भांडवलातूनच गेले. पौषात लग्ने नसल्याने गिऱ्हाईक थंड असते, म्हणून त्यांनी तो महिना निवडला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हिशेब बरोबर; सूर्याच्या दृष्टीने मात्र विलक्षण.

कारण त्या दिवसांत लेस्टरला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आसपास मावळतो. नवकारसी पाळणाऱ्याने नऊपूर्वी तोंडात काही घालावयाचे नाही आणि चौविहार पाळणाऱ्याने चारनंतर पाणीही प्यावयाचे नाही. खाण्यापिण्यास उरतात जेमतेम सात तास. आषाढात गेले असते तर रात्री साडेनऊपर्यंत उजेड मिळाला असता! बहिणीने ही अडचण ओळखून सारा कार्यक्रम जेवणाभोवती रचला. नऊ वाजता खाकरा आणि दूध, तीन वाजता डब्यातील थेपले, आणि पाहावयाचे ते बहुतेक अंधार पडल्यावर. इतरांबरोबरच्या सामाईक स्वयंपाकघरात तिने स्वतःचा तवा आणि पातेले कपाटात वेगळे ठेवले होते. भावाने ते पाहिले व काही बोलले नाहीत. मात्र त्या रात्री घरी केलेला फोन नेहमीपेक्षा लांबला.

लेस्टर हे आपल्या वाचकांनी ओळखून ठेवावे असे शहर आहे. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्यास फर्मावले, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तिकडील 'युगांडा अर्गस' या वृत्तपत्रात जाहिरात देऊन 'आमच्या गावी येऊ नका' असे कळविले होते. लोक तरीही आले. आज बेलग्रेव्ह रोडवरील साड्यांची आणि दागिन्यांची दुकाने पाहिली, की त्या जाहिरातीचे हसू येते. आमच्या मित्रांना लंडनच्या राजवाड्यापेक्षा हाच रस्ता अधिक भावला. प्रत्येक दुकानात शिरून ते पदर चिमटीत धरीत, किमतीची चिठ्ठी पाहत आणि मनात रुपये करीत. बहीण प्रथम संकोचली. नंतर तीही सूत ओळखण्याच्या पैजेत उतरली. बालपणी दोघांनी गोदामात हाच खेळ खेळला होता.

तेथील ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १८६५ सालच्या एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या वास्तूत जैन सेंटर आहे. १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. दर्शनी भाग पांढऱ्या संगमरवरात कोरलेला. आत श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर आणि स्थानक एकाच छपराखाली. (आपल्याकडे एका गल्लीतही जे अवघड जाते, ते तिकडे एका इमारतीत साधले आहे.) बहीण दर रविवारी तेथे जाते, हे भावाला तेथील वृद्धांच्या 'जय जिनेंद्र'वरूनच उमगले.

लंडनला त्यांनी एकच दिवस दिला, हे आम्हांस योग्य वाटते. ब्रिटिश म्युझियमला प्रवेशमूल्य नाही. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर मात्र आवर्जून पाहिले. १९२१-२२ मध्ये विद्यार्थिदशेत डॉ. आंबेडकर तेथे राहत असत. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले.

परदेशी शिकणाऱ्या आप्ताकडे जाण्याची ही रीत मराठी माणसास नवी नाही. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी मिळाली, तेव्हा त्यांच्या नात्यातील पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडहून समुद्र ओलांडून त्या समारंभास गेल्या होत्या. पुढल्याच फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात निवर्तल्या. ती भेट घडली नसती, तर पदवीच्या त्या दिवशी माहेरच्या गोतापैकी कोण तेथे असते?

म्हणून परदेशस्थ विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे, की पाहुण्याचा प्रत्येक तास स्थळांनी भरू नका. सत्रात आठवड्याला २० तासच काम करण्याची मुभा असताना या बहिणीने काही पाळ्या सोडल्या, पदरचे पैसे गमावले; पण दोन संध्याकाळी मोकळ्या राखल्या. त्यांतील दुसऱ्या संध्याकाळी, जेवण केव्हाच आटोपलेले आणि बाहेर काळोख, तेव्हा ती म्हणाली, "दादा, शिक्षण झाल्यावर मला दोन वर्षे इथेच नोकरी करायची आहे. बाबांना फोनवर सांगवत नाही."

भाऊ बराच वेळ गप्प बसले. स्वतःचे सुटलेले महाविद्यालय त्यांच्या मनात आले नसेल, असे कोण म्हणेल? त्यांनी रागावून विचारले असते तरी ते स्वाभाविक ठरले असते. त्यांनी विचारले ते एवढेच, "भाडे किती? पगार किती मिळेल? कर्जाचा हप्ता?" आणि तिच्याच वहीतील पान फाडून तिला सारे आकडे मांडावयास लावले. एका बाजूस जमा, दुसऱ्या बाजूस नावे. दोन ठिकाणी तिने खर्च कमी धरला होता. तो त्यांनी वाढविला. शिल्लक तरीही राहिली.

तो कागद घेऊन ते इंदापूरला परतले. वडिलांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घातली आणि गल्ल्यात ठेवला. महिना झाला, होकार आलेला नाही, पण कागद अजून तेथेच आहे.