शास्त्रशुद्ध दुरुस्ती

तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांचें नांव धारण करणाऱ्या संगणकभाषेचा पहिला अहवाल १९९० सालचा. तींत 'मोनॅड' ही गणितांतून आलेली कल्पना, म्हणजे एका क्रियेचें फळ पुढलीच्या हातीं देण्याची रीत, फार उपयोगाची ठरली. प्रत्येक मोनॅड हा 'ॲप्लिकेटिव्ह'ही असतो, असें शास्त्र सांगे; भाषेंत मात्र तें नातें नोंदलेलें नव्हतें. २०१५ सालीं जीएचसी ७.१० या कंपायलरनें तें सक्तीचें केलें, आणि चांगल्या चालणाऱ्या कित्येक लायब्रऱ्या अडल्या. शास्त्रासाठीं नांदतें घर मोडावें काय? वाचकहो, आम्हांस ही सक्ती योग्यच वाटते. दुरुस्ती बहुधा चार-दोन ओळींचीच होती. परंतु ज्या लायब्ररीचा कर्ता काम सोडून गेला, तिच्या त्या ओळी लिहावयाच्या कोणीं?