गोळ्यांचं वर्ष

१४ डिसेंबरला सकाळी सात वाजता यांनी शेवटच्या गोळ्या घेतल्या. रिकामं पाकीट मी कचऱ्यात टाकायला निघाले, तर सासूबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं, पदराने पुसलं आणि फळीवर बायबलशेजारी ठेवलं. अजून तिथेच आहे.

मागच्या नाताळात आमच्या घरावर तारा लागला नव्हता. त्याआधी चार महिने यांची पाठ दुखत होती. एमआयडीसीतल्या रात्रपाळ्या, मोटारसायकल आणि आमच्या महाडकडचे खड्डे, म्हणून आम्ही मलम आणि शेक यांवर भागवत होतो. एका दवाखान्यात एक्स-रे बघून ‘या वयात होतं असं’ म्हणून परत पाठवलं. तेव्हा हे सेहेचाळीस वर्षांचे होते. संध्याकाळी अंगात कसर यायची, रात्री बनियन घामाने भिजायचं, पँट कमरेत सैल पडली होती. हे सगळं आम्ही बघत होतो, पण दुखत होती पाठ, म्हणून लक्षही पाठीवरच. शेवटी पनवेलला केलेल्या एमआरआयमध्ये एकमेकांना लागून असलेले दोन मणके झिजलेले दिसले. सुईने नमुना काढला आणि दुखण्याचं नाव कळलं. मणक्याचा क्षय.

क्षय म्हणजे खोकला, एवढंच मला ठाऊक होतं. तो हाडातही बसतो हे तेव्हा कळलं. फुफ्फुसाच्या क्षयाला बहुधा सहा महिने औषध पुरतं; मणक्याला निदान वर्ष लागतं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे दहा महिने तीन. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाल्या. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यात जमा व्हायचे, त्यातून अंडी आणि शेंगदाणे यायचे. पहिल्याच आठवड्यात लघवी नारिंगी झाली तेव्हा हे घाबरून ओरडलेच. गावातल्या आशा सेविकेने, आमच्या आशाताईंनी, दारातूनच हसून सांगितलं, ‘अहो, तो औषधाचा रंग आहे, गोळी पोटात गेल्याची खूण.’ त्या दिवसापासून आमच्या घरात आशाताईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आईंचं, माहेर मिरजेकडचं. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं केलं. वानलेसवाडीचं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम त्यांच्याच नावाचं. आईंच्या घरातलं एक माणूस तिथे महिनोन्‌महिने राहिलं होतं. त्या काळी क्षयावर औषधच नव्हतं. मोकळी हवा, दूध-अंडी, विश्रांती आणि प्रार्थना. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये, ते माणूस त्याआधीच गेलं. म्हणून निदान कळलं त्या दिवशी आई रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘आता औषध आहे ना?’

एक गोष्ट लिहू की नको, असं फार दिवस मनात होतं. फेब्रुवारीत, जरा चालता यायला लागल्यावर, आम्ही एका ओळखीच्या घरी गेलो. सगळ्यांना कपबशीतून चहा आला, यांना कागदी पेल्यातून. कुणी काही बोललं नाही. खरं तर क्षय भांड्याने पसरत नाही. तो फुफ्फुसाचा असला तर खोकल्यातून हवेने पसरतो, आणि नुसत्या हाडातला सहसा पसरतच नाही. हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. यांनी चहा पिऊन पेला चुरगळून खिशात घातला. महाड तालुक्यात राहून वेगळ्या पेल्याचा अर्थ कुणी समजावून सांगायला लागत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ज्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने घेतलं, ते आमच्या महाडातलंच. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्याच दिवशी, महाडात मनुस्मृती जाळली गेली. रोगाची भीती आणि जातीचा विटाळ एक नाहीत, हे मला कळतं. पण पेला बाजूला काढणाऱ्या हाताची हालचाल तीच असते.

पावसाळा सगळ्यात जड गेला. काळ नदी फुगली की २०२१ च्या पुराची आठवण असलेल्या या गावात रात्री कुणाला झोप लागत नाही. आमच्याकडे त्यात पाठीला पट्टा बांधलेला माणूस. पाणी चढलं तर यांना उचलायचं कसं, हाच विचार. शेजारच्या वहिनी पहिल्याच पावसात म्हणाल्या, ‘आमची दोन पोरं आहेत, खुर्चीसकट नेतील. तुम्ही झोपा.’ खुर्ची उचलायची वेळ आली नाही. मी मात्र त्या दिवसापासून झोपू लागले. त्याच वहिनी आठवड्यातून दोनदा नाचणीच्या भाकऱ्या आणि कुळथाची पिठी आणायच्या आणि आमच्याच कपात चहा पिऊन जायच्या.

गोळ्या सकाळी उपाशीपोटी. मळमळायचं, तोंडाला चव नसायची. एप्रिलमध्ये पाठ दुखायची थांबली, तेव्हा हे म्हणाले, ‘बरं वाटतंय, आता कशाला?’ मी भांडले. आई भांडल्या नाहीत. त्या सकाळची प्रार्थना यांच्या गोळ्यांच्या वेळी करू लागल्या. आमेन म्हटलं की पाण्याचा तांब्या पुढे. आईला नाही कसं म्हणणार? वर्षभरात एकही दिवस चुकला नाही.

लोक विचारतात, प्रार्थनेने बरे झाले की औषधाने? मला हा प्रश्न कळत नाही. नाताळातली गव्हाणीची आणि मेंढपाळांची गोष्ट आमच्यापर्यंत आली ती लूकच्या शुभवर्तमानातून, आणि लूक वैद्य होता.

वजन अकरा किलोंनी वाढलं आहे. वाकून जड उचलायचं नाही आणि पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी करायची. तारा यंदा यांनी स्वतः, स्टुलावर न चढता, काठीने अडकवला. नाताळच्या संध्याकाळी घरी उपकारस्तुतीची प्रार्थना आहे. आशाताई, वहिनी आणि त्यांची दोन्ही पोरं येणार आहेत. कागदी पेल्याच्या घरीही मी करंज्यांचा डबा देऊन आले आणि हाडाचा क्षय कसा पसरत नाही, ते या वेळी बसून नीट सांगितलं.

तुमच्या घरात कुणाची पाठ आठवड्यांमागून आठवडे दुखत असेल, संध्याकाळी कसर येत असेल, कपडे सैल होत असतील, तर नुसत्या मलमावर थांबू नका. सरकारी दवाखान्यात जाऊन क्षयाची तपासणी करा म्हणून सांगा. आणि गोळ्या सुरू झाल्या की बरं वाटलं तरी सोडू नका.