नाईट शिफ्टच्या गावात पहाटेचा उपदेश

पहाटे पाचला उठतो तो पुढे जातो, हा उपदेश आता शाळेच्या स्नेहसंमेलनापासून कंपनीच्या प्रशिक्षणवर्गापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. रॉबिन शर्मा यांचे ‘द फाइव्ह एएम क्लब’ २०१८ मध्ये आले आणि या उपदेशाला जगभर जोर चढला. त्याच्या पाठीशी एक पुरता विचार उभा आहे. माणसाची वाढ त्याच्या स्वतःच्या शिस्तीतून होते, नेतृत्व हा व्यक्तीच्या अंगचा गुण आहे आणि जगण्याचा हेतू ज्याने त्याने आपल्या आत शोधायचा असतो. हा विचार खापरखेड्यात नेऊन तपासला, तर पहिल्या पायरीवरच अडतो.

नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यातल्या या गावाला ओळख दिली ती पॉवर हाऊसने. महानिर्मितीच्या या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे पाच संच आहेत. एकूण क्षमता १,३४० मेगावॅट. सध्याच्या संचांपैकी पहिला १९८९ मध्ये चालू झाला, पाचवा २०११ मध्ये. कोळशावरचा बॉयलर रोज रात्री विझवायचा आणि सकाळी पेटवायचा, असे चालत नाही. वाफ पाचशे अंशांच्या पुढे तापलेली असते आणि टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेत असते. त्यामुळे माणसे पाळ्यांत वाटली जातात. उपदेशक ज्या घटकेला उठायला सांगतो, त्या घटकेला नाईटचा माणूस कंट्रोल रूममध्ये डोळे ताणून बसलेला असतो. तो घरी पोचतो तेव्हा शेजारची पोरे शाळेला निघालेली असतात. खिडकीला जाड पडदा, कुकर आधीच उतरवलेला, टीव्हीचा आवाज बंद: त्याची दिवसाची झोप सगळे घर मिळून सांभाळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात केली आहे. म्हणजे पहाटे जागे असण्याची किंमत हा माणूस शरीराने मोजतो आहे, आणि त्याच्या जागरणावर इतरांचे पंखे, पंप आणि दवाखाने चालतात. अशा माणसाला कोणी दिनचर्या सुधारायला सांगितले, तर सांगणाऱ्याने त्याचे जगणे पाहिलेलेच नाही.

शिस्त नको, असे कोणीच म्हणणार नाही. दोन खोल्यांच्या घरातल्या मुलीला पहाटेचा निवांत तास मिळाला तर तिचा अभ्यास होतो, हे खरेच आहे. स्वतःला सावरण्याचे बळ कित्येकांना अशा पुस्तकांतून मिळाले आहे. आक्षेप आहे तो शिस्तीचे सगळे श्रेय आणि अपयशाचा सगळा दोष एकट्या माणसाच्या पदरात टाकण्याला.

वीज केंद्रातली शिस्त वेगळ्या घडणीची असते. ती पाळी बदलताना दिसते. येणारा माणूस लॉगबुक वाचतो: कोळसा दळणारी कोणती मिल बंद आहे, कोणत्या पंपाचा आवाज बदलला आहे, कोणत्या व्हॉल्व्हवर काम चालू आहे आणि त्याचे परमिट, म्हणजे कामाचा लेखी परवाना, कोणाकडे आहे. मग तोंडी विचारतो. जाणारा माणूस थकलेला असतो, त्याला घर दिसत असते, तरी रिलीव्हर आल्याशिवाय आणि चार्ज नीट दिल्याशिवाय तो जागा सोडू शकत नाही. आपल्या पाळीत झालेली चूकही त्याने त्या वहीत लिहायची असते. या दहा-पंधरा मिनिटांत प्रामाणिकपणा, नम्रता आणि दुसऱ्याच्या जिवाची काळजी यांचा जितका सराव होतो, तितका कुठल्या शिबिरात होणार?

हा सराव चुकला की काय होते, ते उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू उत्खननाच्या तळावर ६ जुलै १९८८ च्या रात्री दिसले. दिवसपाळीने एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. काम अपुरे राहिले आणि ती गोष्ट रात्रपाळीपर्यंत नीट पोचलीच नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर रात्रपाळीने पहिला चालू केला. वायू गळला, स्फोट झाले, १६७ माणसे गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने परमिटची आणि पाळी हाती देण्याची पद्धत सदोष ठरवली. त्या रात्रीच्या माणसांत धाडस किंवा कर्तबगारी कमी होती, असे म्हणता येत नाही. एक माहिती एका हातातून दुसऱ्या हातात गेली नाही आणि तिथून सगळे बिघडत गेले. नेतृत्वाचा विचार करताना व्यासपीठावरच्या वक्त्याइतकेच, खरे तर त्याहून अधिक, लक्ष या वहीकडे द्यायला हवे. ती वही चोख राहावी, चूक लिहिणाऱ्याला शिक्षेचे भय वाटू नये आणि कंत्राटी कामगारालाही ‘हे काम आत्ता सुरक्षित नाही’ असे म्हणता यावे, अशी व्यवस्था लावणारा तो नेता.

स्वकर्तृत्वाच्या व्याख्यानांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव हमखास घेतले जाते. जिद्द, अठरा अठरा तासांचा अभ्यास, परदेशी पदव्या. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, त्या नागपूरच्या शेजारी तरी त्यांचे चरित्र इतके आखडून सांगू नये. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तो त्यांच्या खात्याच्या कामातून. विजेचा विषयही त्यांच्याकडेच होता आणि केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्याच काळात उभे राहिले. लाखो कामगारांना दिवसातला एक तास परत मिळाला तो कायद्याने. ‘लवकर उठ आणि वेळ काढ’ असे कामगाराला सांगून बाबासाहेब थांबले नाहीत. वेळ ही एकट्याच्या निग्रहाने मिळणारी चीज नसून ती मिळून मागायची आणि नियमात बसवायची गोष्ट आहे, हे त्यांनी करून दाखवले.

आता राखेकडे वळले पाहिजे, कारण खापरखेड्याचे गुणगान तिच्याशिवाय अर्धवट आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, बहुधा तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात. ती पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडली जाते. उन्हाळ्यात वाळली की उडते, पावसाळ्यात पाण्याबरोबर शेतात आणि नाल्यात उतरते. आसपासच्या गावांच्या विहिरी, पिके आणि छाती यांचा हा प्रश्न आहे. इथे स्वविकासाच्या साहित्यातला एक लाडका सल्ला उघडा पडतो: आपल्या हातात जे आहे त्यावरच लक्ष द्या, बाकीचे सोडून द्या. एकट्या शेतकऱ्याच्या हातात राखेचे काहीच नसते. सल्ला मानला तर त्याने दार लावून प्राणायाम करावा.

पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावने तो मानला नाही. खापरखेडा केंद्राची राख तिथल्या बंधाऱ्यात येऊ लागली तेव्हा गावकरी आणि पर्यावरण कार्यकर्ते बोलत राहिले, नमुने आणि तक्रारी पुढे करत राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे नांदगावला आले आणि तिथे राख टाकणे थांबवण्याचा आदेश झाला. राखेचा प्रश्न त्याने मिटला नाही. पण जे कोणा एकाच्या हातात नव्हते, ते अनेकांनी मिळून हातात आणले. हा आवाका ध्यानधारणेने वाढलेला नाही, एकत्र येण्याने वाढलेला आहे.

विदर्भाला हे नवे नाही. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून प्रार्थनाही सामुदायिक केली आणि ग्रामगीतेतून गाव हाच साधनेचा विषय ठरवला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने तर नेतृत्वाची रीतच बदलली. तिथे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. अभ्यासगट बसतो, माहिती मिळवतो, मग सभा ठरवते. देवाजी तोफा हे त्या गावाचे ओळखीचे नाव, पण २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला तो गावाला. एकमत व्हायला वेळ लागतो, काही वेळा महिने जातात. त्या वेळात लाजरा माणूस बोलायला शिकतो आणि बोलका ऐकायला. व्यक्तिमत्त्व विकास म्हणायचे तर याला म्हणावे.

खापरखेडा परिसरात व्यक्तिमत्त्व आणि नेतृत्व यांचे वर्ग भरवायचेच असतील, तर साहित्य तिथेच आहे. तरुणांना लॉगबुक कसे लिहितात ते दाखवावे, परमिटशिवाय हात न लावण्याचा हक्क कंत्राटी कामगारांना समजावून द्यावा. राखेच्या बंधाऱ्यालगतच्या विहिरींच्या पाण्याचे तपासणी अहवाल २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत मोठ्याने वाचले जावेत, आणि ते वाचून समजावण्याचे काम गावातल्याच बारावी-आयटीआय झालेल्या मुलामुलींकडे द्यावे. वर्गाची वेळ मात्र नाईट करून आलेल्या माणसाची झोप झाल्यावरची, संध्याकाळची असावी.