मामाचा विळा आणि दहावीचं सायन्स

वणी म्हटलं की सगळ्यांना आठवतो तो सप्तशृंगीचा गड. पण गड तिकडे नांदुरीच्या वर. वणी गाव त्याच्या अलीकडे, दिंडोरी तालुक्यात. देवीला निघालेल्या गाड्या इथे चहा-वडापावला थांबतात आणि पुढे सटकतात. मी मात्र मुक्काम ठोकते. कारण इथे माझ्या मामाचं घर आहे, मामाची द्राक्षबाग आहे आणि मामीच्या हातची गरमागरम भाकरी आहे.

श्रावणातल्या एका वीकएण्डला अशीच जाऊन धडकले. प्लॅन अगदी सिंपल. देवदर्शन, भजी आणि भरपूर झोप. पण घरात पाऊल टाकलं तर वातावरण एकदम टाइट! मामी गप्प, मामा पेपरमध्ये तोंड खुपसून. आणि माझी मामेबहीण, जिला घरात सगळेच 'छोटी' म्हणतात, ती कोपऱ्यात डोळे पुसत बसलेली. छोटी यंदा दहावीला आहे. सायन्सच्या टेस्टमध्ये तिला 20 पैकी 6 मार्क पडले होते.

"ताई, मी आर्ट्सला जाते. सायन्स माझ्या डोक्यावरून जातं," तिने जाहीर केलं.

आर्ट्सला जायला माझी काहीच ना नाही. मी स्वतः मास कॉमवाली. पण छोटीला लहानपणापासून बीएस्सी ॲग्री करायचंय. मामाच्या बागेत कुठल्या वेलीवर भुरी आली, कुठे डाऊनी दिसतोय, हे तिला मामाच्याही आधी कळतं. आणि ॲग्रीला जायचं तर अकरावी-बारावीला सायन्स हवंच. म्हणजे 20 पैकी 6 या एका आकड्यावर पोरगी आपलं सगळं स्वप्न गुंडाळून माळ्यावर टाकायला निघाली होती.

मामा म्हणाला, "चला दोघी बागेत. फवारणी करायचीय. रडायचं ते तिकडे रडा."

बागेत गेल्यावर मामाने बोर्डो मिश्रण करायला घेतलं. ज्यांच्या घरी द्राक्षं फक्त फ्रूट बाऊलमध्ये येतात, त्यांच्यासाठी सांगते. मोरचूद, चुना आणि पाणी यांचं हे निळसर मिश्रण बुरशीवर मारतात. एक टक्क्याचं करायचं तर 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या द्राक्षबागांमध्ये हा फंडा सापडला. मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो 1885 मध्ये जगापुढे मांडला. आज दिंडोरीतल्या शेतकऱ्याला तो तोंडपाठ असतो.

मोरचुदाचं पाणी वेगळं, चुन्याचं वेगळं. दोन्ही प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये. मी मदत करायला म्हणून लोखंडी बादली पुढे केली तर मामा ओरडलाच, "अगं, लोखंडात नाही करायचं ते!" मग दोन्ही पाणी एकत्र करून त्याने स्वच्छ घासलेला विळा मिश्रणात बुडवला. मिनिटभर थांबून बाहेर काढला. पात्यावर तांबूस थर चढला होता!

"चुना कमी पडला. अजून टाका. नाहीतर पानं जळतील," मामा म्हणाला. चुन्याचं पाणी आणखी ओतलं, विळा घासून पुन्हा बुडवला. या वेळी पातं जसंच्या तसं. मिश्रण ओके.

मी सॉलिड इम्प्रेस. पण डोक्यात दहावीचं काहीतरी खडखडायला लागलं. छोटीला विचारलं, "डिस्प्लेसमेंट रिॲक्शन म्हणजे काय गं?" तिने श्वास घेतला आणि मेट्रोच्या अनाउन्समेंटसारखी इंग्लिश व्याख्या धडाधड म्हणून टाकली. एक शब्दही चुकला नाही.

"छान. आणि आत्ता विळ्यावर जे झालं, ते काय होतं?"

"ते? ते बोर्डोचं आहे," छोटी म्हणाली.

दोस्तहो, विळ्यावर जे झालं तीच डिस्प्लेसमेंट रिॲक्शन होती! मराठी पुस्तकातली 'विस्थापन अभिक्रिया'. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. चुना पुरेसा पडला की त्यातलं तांबं बांधलं जातं. कमी पडला तर थोडं तांबं पाण्यात मोकळं राहतं. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. ते स्वतः पाण्यात उतरतं आणि तांब्याला बाहेर काढतं. तेच तांबं पात्यावर बसतं. लॅबमध्ये निळ्या द्रावणात खिळा टाकून हाच प्रयोग करतात. छोटीच्या शाळेत मात्र तो यंदा फळ्यावरच झाला.

म्हणजे बघा. मामाला 'कसं' माहीत, 'का' माहीत नाही. छोटीला 'का' पाठ, पण ते घरच्या बागेत घडतं हे माहीत नाही. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन माणसांकडे एकाच गोष्टीचे दोन तुकडे आणि दोघांची गाठच नाही!

परत आल्यावर मी जरा शोधाशोध केली. आणि कळलं की आमच्या छोटीच्या प्रॉब्लेमवर आपल्याकडे गेली पन्नास वर्षं अभ्यास चाललाय. तोसुद्धा मुंबईत, मानखुर्दला. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे टीआयएफआरचं केंद्र 1974 मध्ये सुरू झालं. पहिले संचालक व्ही. जी. कुलकर्णी, मूळचे फिजिक्सवाले. या मंडळींनी एसी केबिनमध्ये बसून थिअरी मांडली नाही. सत्तरच्याच दशकात ती जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला गेली आणि तिथल्या ग्रामीण शाळांमधल्या शिक्षकांबरोबर काम केलं. खिरोदा म्हणजे आपल्या नाशिकच्या शेजारचा जिल्हा, केळीचा पट्टा.

मग त्यांनी एक साधा पण खतरनाक प्रश्न विचारला. मुलांना विज्ञान अवघड जातं, की विज्ञानाच्या पुस्तकातली भाषा? कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांनी भाषेच्या या अडसरावरचा अभ्यास 1981 मध्ये प्रसिद्ध केला. मुंबईतल्या महापालिका शाळांमध्ये त्यांनी मजकूर तोच ठेवला, भाषा फक्त सोपी केली. मुलांचं आकलन सुधारलं! आणि लक्षात घ्या, ही मराठी माध्यमातली मुलं होती. म्हणजे पुस्तकी मराठीसुद्धा घरच्या मराठीपासून इतकी लांब होती की मूल मध्येच अडकायचं आणि आपण म्हणायचो, 'याला डोकं नाही.'

ऐंशीच्या दशकात याच केंद्राने महापालिका शाळांमधल्या दलित विद्यार्थ्यांबरोबर सलग काही वर्षं काम केलं. भाषेचा अडसर काढणं, प्रयोग, प्रश्न विचारायला मोकळीक. मुलांच्या दहावीच्या निकालात फरक दिसला. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांचा त्यावरचा अहवाल 1985 चा आहे. मुलं तीच, वस्ती तीच, परीक्षा तीच. बदलली होती फक्त शिकवायची तऱ्हा.

तुम्ही म्हणाल, भाषा-बिषा ठीक आहे, पण गरीब देशातल्या शाळांना आधी पुस्तकं तर द्या! मलाही तसंच वाटायचं. मग केनियाची गोष्ट वाचली. पॉल ग्लेवे, मायकेल क्रेमर आणि सिल्व्ही मूलाँ या तिघांनी पश्चिम केनियातल्या 100 शाळांचा अभ्यास केला. त्यातल्या 25 शाळांना 1996 मध्ये इंग्लिश, गणित आणि विज्ञानाची पाठ्यपुस्तकं वाटली गेली. रिझल्ट? सरासरी मार्क जवळपास तिथेच. फायदा झाला तो आधीपासूनच पुढे असलेल्या मुलांना. कारण पुस्तकं इंग्लिशमध्ये होती आणि बऱ्याच मुलांची इंग्लिश ही तिसरी भाषा होती. पुढच्या एका अभ्यासात 178 शाळा घेतल्या आणि निम्म्यांना विज्ञान, गणित, भूगोलाचे मोठे तक्ते दिले. दोन्ही गटांच्या मार्कांमध्ये काही फरक पडला नाही. या क्रेमरसाहेबांना 2019 मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफलो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

केनियातल्या त्या पोरांमध्ये मला थेट छोटी दिसली. ती मराठी शाळेत आहे, पण 'सेमी'ला. गणित आणि विज्ञान इंग्लिशमधून. पाचवी-सहावीपर्यंत झाडाला पाणी लागतं हे ती मराठीत शिकली, आणि मग एके दिवशी त्याच झाडात 'ट्रान्सपिरेशन' सुरू झालं. सेमी वाईट असं मी म्हणत नाही. पुढे ॲग्रीला गेली तर इंग्लिश लागणारच. मामालाही त्याची धास्ती आहे आणि ती खोटी नाही. माझी तक्रार एवढीच, की मराठीतून इंग्लिशकडे जायचा जिना कुणी बांधलाच नाही. तिने उडी मारली आणि व्याख्येला लटकून राहिली. यशपाल समितीने 1993 मध्येच सांगून ठेवलंय की दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त घातक असतं. आपण अजूनही दप्तरच वजनकाट्यावर ठेवतोय.

जिना बांधता येतो, हेही आपल्या देशात करून झालंय. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांमध्ये 1972 मध्ये एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. महागड्या लॅबशिवाय, साध्या वस्तूंमधून प्रयोग. मुलं स्वतः करणार, स्वतः लिहिणार, भांडणार. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची परवानगी! 'सवालीराम' नावाच्या एका काल्पनिक माणसाला मुलं पत्रं पाठवून प्रश्न विचारायची आणि त्यांना खरोखर उत्तरं यायची. तीस वर्षं चालून शेकडो शाळांपर्यंत पोचलेला हा कार्यक्रम 2002 मध्ये तिथल्या सरकारने बंद केला. पण अरविंद गुप्तांची काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी तुम्ही पाहिली असतील, तर त्याच मातीतली एक फांदी तुमच्या घरापर्यंत पोचलीय.

आता थोडं थंड पाणी. असं शिकवलं की लगेच घरोघरी रामन जन्मतात, असं नाही. लॅटिन अमेरिकेतल्या चार देशांमध्ये 10 प्रयोग करून, 17 हजारांवर मुलं घेऊन, प्रश्न विचारत शिकण्याच्या पद्धतीचा अभ्यास झाला. 2019 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. गणित आणि विज्ञान दोन्हींमध्ये सुधारणा दिसली, पण बेताची. जादूची कांडी नव्हे. आणि छोटीच्या सरांनाही मी व्हिलन करणार नाही. भरलेला वर्ग, संपवायचा पोर्शन आणि वरून येणारी शंभर कामं. त्यांनी खिळा कधी बुडवायचा?

पण आपण बुडवू शकतो ना! रविवारी सकाळी मी आणि छोटीने मामाकडून चिमूटभर मोरचूद मागून घेतलं. (ते विषारी असतं. हातमोजे घाला, लहान मुलांपासून लांब ठेवा, भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.) एका टाकाऊ प्लॅस्टिकच्या ग्लासात निळं पाणी, त्यात घासलेला खिळा. खिळा तांबूस झाला. मी छोटीला अट घातली, इंग्लिशचा एकही शब्द वापरायचा नाही. आधी मामाला समजावून सांग.

पहिल्यांदा ती अडखळली. मग म्हणाली, "पप्पा, लोखंड दादागिरी करतं. तांब्याला म्हणतं, ऊठ, ही जागा माझी. मग तांबं बाहेर येऊन विळ्यावर बसतं. चुना घातला की तांबं आधीच बांधलेलं असतं, मग ते येतच नाही."

मामा विळा हातात घेऊन बघतच राहिला. "म्हणजे विळा झिजतो का गं थोडा?"

छोटी गप्प. मग मान हलवली. "झिजत असणार. थोडं लोखंड पाण्यात जातं ना." आणि एकदम चमकून, "म्हणूनच लोखंडी बादलीत करत नाहीत!"

हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. पुस्तकातही ते बादलीच्या भाषेत लिहिलेलं नाही. तिने स्वतः काढलं. त्यानंतर तिने वही उघडली आणि तीच रिॲक्शन इंग्लिशमध्ये लिहिली. या वेळी अनाउन्समेंट नव्हती. मधेमधे थांबत, खोडत, ग्रामरच्या दोन चुका करत लिहिली.

आर्ट्सचं काय? "बघू," एवढंच म्हणाली. पुढच्या टेस्टला 20 पैकी 20 मिळतील असं मी लिहिणार नाही, कारण ती टेस्ट अजून व्हायचीय. पण निघताना ती बसस्टॅण्डवर सोडायला आली आणि विचारत होती, "ताई, जीएच्या पाण्यात घड बुडवला की मणी लांब का होतात गं?"

मला माहीत नव्हतं. मी सरळ तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग मीच बघते."

तुमच्याही घरात असेल एखादी छोटी किंवा छोटू, सायन्सच्या नावाने कपाळाला हात लावणारा. या वीकएण्डला त्याला क्लास लावायच्या आधी एक करा. पुस्तकातली कुठलीही एक व्याख्या घ्या आणि म्हणा, हे मला आपल्या घरातल्या भाषेत सांग. आजीला कळेल असं. तो अडला तर ओरडू नका. जिथे अडला तिथेच त्याच्या जिन्याची पायरी तुटलीय. दोघं मिळून तीच एक बसवा.