बाहेरचा ऑइल फिल्टर लावला तर बाइकची वॉरंटी जाते का?

रविवारी सकाळी मित्राला मागे बसवून जोतिबाला निघालो होतो. कोल्हापूरपासून जेमतेम १८ किलोमीटर. केर्ली सोडलं, घाट सुरू झाला आणि चार-पाच वळणांनंतर उजव्या बुटावर काहीतरी गरम ओघळल्यासारखं वाटलं. खाली बघतो तर इंजिनच्या कव्हरमधून ऑइल गळतंय. गाडी लगेच बंद केली आणि ओळखीच्या मेकॅनिकमामांना फोन लावला. ते आले, फिल्टरचं कव्हर खोललं आणि आतलं रबर बोटावर घेऊन म्हणाले, "भावा, फिल्टर बरा हाय. ही रिंग बोगस हाय."

तो फिल्टर मीच आठवड्यापूर्वी एका दुकानातून आणून घरी बसवला होता. दुकानदार म्हणाला होता, "बिल नको असेल तर अजून कमी करतो." मीही हो म्हटलं. रिंग बदलून, ऑइल भरून गाडी ठीक चालली. तरी मनात धाकधूक होती म्हणून सर्व्हिस सेंटरला दाखवली. तिथे एकच वाक्य ऐकायला मिळालं: "बाहेरचा फिल्टर लावलाय ना? मग इंजिनची वॉरंटी संपली."

खरंच असं असतं का? इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक तंत्रज्ञानाचा, दुसरा हक्काचा. आपण दोन्ही एकत्र करतो आणि तिथेच फसतो.

आधी बघा, तुमच्या गाडीत फिल्टर आहे का?

हसू नका. भारतात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या गाड्यांपैकी स्प्लेंडरमध्ये बदलायचा कागदी फिल्टर नसतोच. तिथे जाळी असते आणि गरगर फिरून कचरा कडेला फेकणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो. अ‍ॅक्टिव्हामध्ये नुसती जाळी. या गोष्टी साफ करायच्या असतात, विकत आणायच्या नसतात. अशा गाडीच्या बिलात 'ऑइल फिल्टर' अशी ओळ दिसली, तर काउंटरवर प्रश्न विचारायलाच हवा.

पल्सर १५० किंवा नव्या इंजिनच्या क्लासिक ३५० मध्ये कागदाच्या घड्यांचा छोटा फिल्टर कव्हरच्या आत बसतो. इंटरसेप्टर ६५० ला कारसारखा डब्याचा फिल्टर असतो, तो अख्खा फिरवून काढायचा. तुमच्या गाडीत काय आहे आणि किती किलोमीटरला बदलायचं, हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. हरवली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या साइटवर पीडीएफ मिळते.

बाइकच्या फिल्टरला काम जास्त का?

कारमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांची ऑइलं वेगवेगळी असतात. बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. म्हणजे क्लचप्लेटचा भुसा आणि गिअरचे धातूचे बारीक कण, सगळं त्याच ऑइलमध्ये. त्यात जोतिबासारखा चढ, डबल सीट, पहिला-दुसरा गिअर. वेग कमी म्हणून हवा कमी आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय. ऑइल तापून पातळ होतं आणि अशा वेळी कच्चं रबर आधी हार मानतं. चैत्र यात्रेत वाटेवर मोफत दुरुस्तीला बसणाऱ्या मेकॅनिक मंडळींना याचे किस्से विचारा, तासभर सांगतील.

फिल्टरच्या आत तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, गाळण्याचा कागद. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. बेअरिंगला ओरखडे पाडणारे कण त्याहून कितीतरी बारीक असतात. दुसरी, बायपास व्हॉल्व्ह. फिल्टर तुंबला तर ऑइल न गाळता पुढे सोडणारी ही चोरवाट. काही गाड्यांत ती फिल्टरमध्येच असते, काहींत इंजिनमध्ये. कारण न गाळलेलं ऑइल परवडलं, पण ऑइलच पोहोचलं नाही तर इंजिन जागेवर जाम होतं. तिसरी, रबरी रिंग. सगळ्यात स्वस्त भाग, आणि मला घाटात थांबवणारा तोच.

'बाहेरचा' म्हणजे 'नकली' नव्हे

इथे कोल्हापूरकरांना जास्त समजवायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून निघालेलं कास्टिंग कुठल्या-कुठल्या मोठ्या ब्रँडच्या गाडीत जाऊन बसतं, हे इथल्या पोरांना घरबसल्या माहीत असतं. वाहन कंपनी सगळं स्वतः बनवत नाही. फिल्टरही बऱ्याचदा पुरवठादाराकडूनच येतो.

म्हणून बाजारात तीन प्रकार आहेत:

- वाहन कंपनीच्या डब्यातला फिल्टर.
- बॉश, माले, प्युरोलेटर, एलोफिक यांसारख्या, स्वतःच्या नावाने फिल्टर विकणाऱ्या कंपन्यांचा. हाच खरा आफ्टरमार्केट.
- दुसऱ्याचं नाव छापलेला नकली किंवा कुणाचंच नाव नसलेला.

पहिल्या दोघांत निवड करणं हा हिशोबाचा प्रश्न आहे. तिसरा मात्र नुसता जुगार. माझी चूक बाहेरचा फिल्टर घेतला ही नव्हती. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नसलेला घेतला, ही होती.

आता हक्काचा प्रश्न

फोनचं उदाहरण घ्या. बाहेरून डिस्प्ले बदलला की काही फोन स्क्रीनवर 'अनोळखी पार्ट' असा मेसेज दाखवतात. बाइकमध्ये तसा मेसेज येत नाही, पण सर्व्हिस सेंटरचं वाक्य तेच काम करतं: घाबरवतं.

२०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणं हा मुख्य आक्षेप होता. त्या आदेशात आपल्या कामाचा एक मुद्दा होता: बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतंच कंपनी हात झटकू शकते. प्रकरण पुढे अपिलात गेलं आणि आदेश कारबद्दल होता, त्यामुळे बाइकच्या काउंटरवर तो कागद आपटून उपयोग नाही. पण तत्त्व लक्षात ठेवा.

अमेरिकेत १९७५ पासून यासाठी थेट कायदा आहे. त्याच आधारावर जून २०२२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हार्ली-डेव्हिडसनवर कारवाई केली. बाहेरचे पार्ट वापरले तर वॉरंटी जाईल, अशा अटी कंपनीला काढायला लावल्या.

आपल्याकडे केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं यांच्यासोबत वाहन क्षेत्रही आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नाही. पुढे २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकाबद्दल समितीचा अहवाल आला, तोही मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांबद्दल. बाइकवाला अजून रांगेतच उभा आहे.

म्हणजे आज परिस्थिती अशी: बाहेरचा फिल्टर लावला म्हणून टायर, लाइट, वायरिंगसकट सगळी वॉरंटी गेली, हे म्हणणं टिकायला कठीण. पण त्या फिल्टरमुळेच इंजिन बिघडलं, तर कंपनी नाही म्हणू शकते आणि तुमच्या हातात पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे बिल.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वाहनांचे सुटे भागही सरसकट १८ टक्क्यांत आले. म्हणजे कंपनीचा फिल्टर असो की बाहेरचा, कर सारखाच. बिल न घेता वाचतात ते थोडे रुपये, आणि जातो तो एकमेव पुरावा. मी सर्व्हिस सेंटरला म्हटलं, "वॉरंटी संपली हे लेखी द्या." तेव्हा समोरचा माणूस नरमला खरा. पण त्याने लगेच विचारलं, "फिल्टरचं बिल आहे?" मग मी नरमलो.

मग निवड कशी करायची?

- वॉरंटी चालू असेल आणि फरक शे-दोनशे रुपयांचा असेल, तर कंपनीचाच घ्या. वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.
- वॉरंटी संपली असेल तर नावाजलेल्या फिल्टर कंपनीचा बिनधास्त घ्या. पार्ट नंबर त्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये गाडीचं मॉडेल आणि वर्ष टाकून तपासा. दिसायला सारखा आहे, एवढ्यावर जाऊ नका.
- पाकिटावर उत्पादकाचं नाव, पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष हवंच.
- रिंग सोबत येते का बघा. जुनी रिंग पुन्हा बसवू नका.
- काही फिल्टरना उलट-सुलट बाजू असते. काढताना फोनवर एक फोटो काढून ठेवा.
- ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ बघा. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो.
- बिलाचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा. अडलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पुढच्या रविवारी पुन्हा निघालो. या वेळी नवा फिल्टर, नवी रिंग, आणि बिलाचा फोटो फोनमध्ये. वर पोहोचल्यावर आधी वाकून इंजिनखाली बघितलं. फरशी कोरडी होती. मग देवळाकडे वळलो. चांगभलं!