रॅम्पच्या तोंडाशी कुणाची पेटी?

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजातून व्हीलचेअरवरच्या एखाद्या मुलीने नेमबाजी शिकायची ठरवली, तर तिला पुण्या-मुंबईच्या किंवा जवळच्या एखाद्या शहरातल्या रेंजचीच वाट धरावी लागेल. प्रवासाला सरकारचा हातभार आहे; एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत मिळते (एसटीच्या पायऱ्या चढायच्या कशा, हा वेगळ्या लेखाचा विषय). पण रेंज बहुधा एका क्लबची नसते. सकाळ एकाची, दुपार दुसऱ्याची, संध्याकाळ तिसऱ्याची, अशी तासांची वाटणी असते. या वाटणीत दिव्यांग नेमबाजाचा विचार लेखी नियमात होत नाही, तो त्या-त्या दिवशी हजर असलेल्यांच्या चांगुलपणावर सोडला जातो. माझा आक्षेप नेमका यावर आहे.

खरे तर सौजन्य सक्तीचे कसे करावे, हे रेंजइतके कुणालाच ठाऊक नसेल. ‘स्टॉप’ म्हटले की सगळ्यांनी थांबायचे, बंदूक रिकामी करायची, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग घालायचा. शेजारच्याच्या जिवाची काळजी तिथे कुणाच्या मर्जीवर ठेवलेली नाही. मात्र फायरिंग लाइनच्या मागे चार पावले गेले की हीच शिस्त सुटते. रायफलच्या पेट्या, बॅगा, बूट येण्याजाण्याच्या वाटेतच पसरलेले. चालता माणूस त्यावरून पाय टाकून जातो, व्हीलचेअर तिथेच अडते. सरकारी प्रमाणानुसार रॅम्पचा उतार बारास एक हवा. म्हणजे सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांसाठी अठरा फुटांचा रॅम्प. एवढा खर्च करून बांधलेला रॅम्प एका पेटीने बंद होतो. अशा ठिकाणी सुविधा आणि सौजन्य हे दोन विषय उरत नाहीत.

वेळेचेही तसेच. दहा मीटर एअर रायफलच्या सामन्यात इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर साठ गोळ्यांना ७५ मिनिटे असतात. पॅरा नेमबाजीत ‘एसएच-१’ गटातले खेळाडू बंदुकीचा भार स्वतः पेलतात. ‘एसएच-२’ गटातल्यांना हाताच्या दुर्बलतेमुळे ते शक्य नसते, म्हणून रायफल स्प्रिंगच्या स्टँडवर टेकवतात आणि गोळी भरायला मदतनीस चालतो. स्टँड लावायचा, टेबलाची उंची जमवायची, खुर्ची पक्की करायची, यात वेळ जातो. क्लबांच्या वाटणीत तासाचा हिशेब मात्र सर्वांना सारखाच. त्यात आधीचा क्लब दहा मिनिटे उशिरा उठला, तर धडधाकट नेमबाजाच्या आठेक गोळ्या बुडतात, व्हीलचेअरवरच्या मुलीचा अर्धा सराव बुडतो. दहा मीटरच्या रेंजवर एका नेमबाजाला किमान एक मीटर रुंद जागा मिळते. व्हीलचेअर पूर्ण वळवायला साधारण दीड मीटर लागतो. तेव्हा कडेची एक लेन तिच्यासाठी राखून ठेवणे आणि तयारीचा वेळ तासाबाहेर धरणे, एवढे तरी क्लबांनी आपसांत लिहून ठेवायला हवे.

यावर पहिला सवाल ठरलेला: असे येतात तरी किती? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार दिव्यांगांची नोंद झाली. आणि खेळाचाच हिशेब मांडायचा तर टोकियोत भारताच्या ऑलिंपिक नेमबाजांना एकही पदक मिळाले नाही, पॅरा नेमबाजांनी पाच आणली. अवनी लेखराने तिथे सुवर्ण जिंकले आणि २०२४ मध्ये पॅरिसला २४९.७ गुणांनी पुन्हा जिंकले. आपल्या कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर टोकियोत चौथा आला. पायऱ्यांवरूनच जी परत गेली, तिची नोंद कुठल्याच हजेरीपटात होत नाही. मग ‘येतच नाहीत’ हा पुरावा कशाचा?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. लाइनवर मदतनीस आणि व्हीलचेअर म्हणजे गर्दी, असे म्हटले जाते. पण बसून, स्टँडवर टेकवलेल्या रायफलीचे तोंड टार्गेटकडेच असते, आणि मदतनिसालाही रेंज अधिकाऱ्याचे हुकूम तितकेच लागू असतात. ऐकू न येणाऱ्या नेमबाजासाठी हुकमासोबत लाल दिवा लावला, तर कानावर मफ चढवलेल्या बाकीच्यांचेही भलेच होईल.

तिसरा युक्तिवाद सर्वात गोड आणि म्हणून सर्वात फसवा: ‘आम्ही आहोत ना, खुर्चीसकट उचलून नेऊ.’ हेतूवर मला शंका नाही. पण चौघांनी उचलून नेताना माणूस पडू शकतो. शिवाय रोज चौघांचे उपकार घेऊन सराव करायचा म्हटल्यावर कितीजण महिनाभर टिकतील? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळातला सहभाग हा हक्क मानला आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशीच्या रूपात ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असे बजावले. क्लबांच्या आपसातल्या वाटणीनेही त्यापुढे ‘बघू, जमवू’ म्हणून चालणार नाही.

पैशाची अडचण मात्र खरी आहे. जुन्या इमारतीला लिफ्ट, नवे स्वच्छतागृह हे क्लबांच्या वर्गणीतून होणार नाही. ते शासनाचे काम. वाशीमला केंद्राने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांत घेतले. अशा जिल्ह्यात उद्या क्रीडा संकुलात दहा मीटरची रेंज झालीच, तर ९०० मिलिमीटरचा दरवाजा आणि रॅम्प नकाशातच धरता येईल, नंतर भिंत फोडण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. वाट मोकळी ठेवणे, कडेची लेन आणि तयारीची पंधरा मिनिटे यांना मात्र निविदा लागत नाही. आज चालू असलेल्या रेंजवरही पुढच्या महिन्याचे वेळापत्रक फळ्यावर लावताना तेवढा एक रकाना आखता येईल, आणि तो मोडणाऱ्या क्लबला उशिरा उठल्याबद्दल लागतो तोच दंड लावता येईल.